पंधरा औटे साडेबावन्न

श्रीकांतला घरी आणायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. ऑक्टोबरात त्याला स्ट्रोक झाला, उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं, आणि नाताळ उलटला तरी तो साउथहॅम्प्टनच्या बाहेर एका रिहॅब युनिटमध्येच होता. आमच्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटं. मी बहात्तर वर्षांची आहे. चाळीस वर्षं लोकांना भूल दिली आणि एकूण एक माणसं परत उठवली. माझा नवरा कुठे राहणार हे कौन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, ठरवावं याचा मला राग होता. अजूनही थोडा आहे.

कौन्सिलची सोशल वर्कर जिल, बाई वाईट नव्हती. तिने मला तीन वेळा नीट समजावून सांगितलं. श्रीकांतला काय हवं हेच सगळ्यात महत्त्वाचं. पण त्याला प्रश्न कळतो, लक्षात राहतो, दोन्ही बाजूंचा विचार करता येतो आणि उत्तर देता येतं, एवढी खात्री आधी पटायला हवी. ती पटेना, कारण श्रीकांत सगळ्यालाच मान डोलवायचा. घरी जायचंय? डोलवली. नर्सिंग होममध्ये जायचंय? डोलवली. बाहेर बर्फ पडतोय का? त्यालाही डोलवली, आणि बाहेर तर चक्क ऊन होतं. म्हणून कागदावर लिहिलं गेलं की याला स्वतःचा निर्णय घेता येत नाही. आता फेब्रुवारीत मीटिंग होणार होती आणि त्याच्या हिताचं काय ते बाकीचे सगळे मिळून ठरवणार होते. बाकीच्यांत मी एक.

इथे मला त्याच्या खेळाविषयी सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाकीच्या बायकांच्या नवऱ्यांना क्रिकेट असतं. माझ्या नवऱ्याला नॉर्डिक कम्बाइन्ड आहे. तरुणपणी तो सहा महिने फिनलंडला, लाहतीला, खुब्याची ऑपरेशनं शिकायला गेला होता. तिथल्या एका नर्सने त्याला रविवारी डोंगरावर नेलं, आणि तेव्हापासून हे लागलं ते लागलंच. आर्वीसारख्या विदर्भातल्या तापत्या गावात वाढलेला माणूस, स्वतः आयुष्यात स्कीवर उभा राहिलेला नाही. उंचीची इतकी भीती की आमच्या छपराच्या कडेची गटरं साफ करायला शिडीवर मी चढते. पण दर नोव्हेंबरच्या शेवटी फिनलंडमध्ये रुकाला हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत आमचे शनिवार-रविवार गेले. नॉर्वे, जर्मनी, ऑस्ट्रिया, एस्टोनिया, सगळीकडे वीसेक शर्यती, प्रत्येकीचे गुण जमवत जायचे, आणि ज्याचे सगळ्यात जास्त तो पिवळा बिब, म्हणजे नंबराचा अंगरखा, घालून मिरवतो. या देशात उडी मारायचा एक धड डोंगर नाही, त्यामुळे शेजारीपाजारी कुणाशी या विषयावर बोलायची सोय नाही. तो सगळा भार माझ्यावर.

खेळ सोपा आहे. सकाळी सगळे डोंगरावरून स्कीवर उडी मारतात. किती लांब गेलात, कसे उतरलात, त्याचे गुण. दुपारी बर्फात दहा किलोमीटर पळायचं, म्हणजे स्कीवर. सकाळी जो पहिला आला तो दुपारी पहिला निघतो. बाकीच्यांनी सकाळी जितके गुण कमी मिळवले त्याची मिनिटं करायची, पंधरा गुणांना एक मिनिट, आणि तितकी मिनिटं उशिरा निघायचं. मग जो आधी पोचेल तो जिंकला. सकाळच्या चुका दुपारी फेडायच्या, असा सगळा प्रकार. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले होते की एक तर उडा नाहीतर पळा, हा काय आचरटपणा. श्रीकांत म्हणाला, यातच तर गंमत आहे.

पिवळ्या बिबवाल्यांत त्याला रस नव्हता. त्याचा लाडका होता व्हिले नावाचा एक फिनिश मुलगा. उडायला ढ, पळायला घोडा. सकाळी हमखास मागे पडायचा आणि दुपारी सगळ्यांच्या शेवटी निघून एकेकाला गाठत यायचा. जिंकला कधीच नाही. तरी उडी झाली की श्रीकांतचे ओठ हलायला लागायचे. पडद्यावर आकडे यायच्या आधी व्हिले किती मागून निघणार याचा तो मनात हिशोब करायचा. ऑपरेशन करतानाही मास्कखाली त्याचे ओठ असेच हलायचे, मी पलीकडून, भूल सांभाळता सांभाळता बघायचे. आवाज मात्र कधी यायचा नाही.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मी टॅबलेट त्याच्या पलंगावरच्या टेबलावर उभा करून दिला होता. व्हिलेची उडी झाली, नेहमीसारखी गाळात. मी चहाचा कप धुवायला उठले आणि मागून श्रीकांतचा आवाज आला.

"आउट."

सात आठवड्यांत तोंडातून आलेला पहिला शब्द. जरा जड, पण स्वच्छ. मी वळून बघितलं. तो टॅबलेटकडे बघत होता, आणि मी दाराकडे बघितलं. बाहेर. त्याला बाहेर जायचंय, इथून बाहेर, घरी. मी त्याचा हात धरला आणि म्हणाले, हो राजा, नेते तुला घरी. त्याने मान डोलवली.

दुसऱ्या दिवशी परत म्हणाला. मग आठवडाभर काही नाही आणि पुढच्या शनिवारी पुन्हा. शनिवार-रविवारच का, याचं उत्तरही मी शोधून काढलं. शनिवार-रविवारी आमची मुलगी आश्लेषा लंडनच्या इल्फर्डहून गाडी घेऊन येते. गाडी आली की त्याला वाटत असणार, आता निघायचं. मी हे सगळं तारखांसकट जिलला सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं, आणि त्या वहीतल्या एका शब्दावर मी माझी सगळी लढाई उभी केली.

आश्लेषाला ते पटत नव्हतं. ती ऑप्टिशियन आहे, इथेच जन्मली, आणि तिचं मराठी आमच्या स्वयंपाकघरात शिकलेलं आहे. जानेवारीत युनिटच्या कार पार्कमध्ये आमचं भांडण झालं, म्हणजे मी भांडले. ती आपली शांतपणे सांगत होती.

"आई, बाबांना उचलायला होइस्ट लागतो, प्रत्येक वेळी टू पीपल. केअरर्स दिवसातून चार वेळा येणार. बाकीचा वेळ काय? तुझा पाठ आधीच वाईट आहे."

"तुझी पाठ," मी म्हणाले.

"माझा पाठ ठीक आहे."

त्यावर मला हसू यायला हवं होतं. मी म्हणाले की तुझा बाप रोज ओरडून सांगतोय आउट आणि तू त्याला दुसऱ्या एका कोठडीत टाकायला निघालीस. ती म्हणाली, रोज नाही आई, ओन्ली वीकेंड्स. आणि ते आउट म्हणजे मेबी नुसता आवाज असेल. तिने एक नर्सिंग होम बघून ठेवलं होतं, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, बागेकडे उघडणारी खोली. मी ते बघायला सुद्धा गेले नाही. त्या दिवशी तिच्याशी वाईट वागले, हे मला तेव्हाही कळत होतं.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी ज्ञानेश्वर आला. हा श्रीकांतचा आर्वीच्या शाळेतला मित्र. वेम्बलीत तीस वर्षं त्याचं केमिस्टचं दुकान होतं. गुडघे गेलेले, तरी ट्रेन बदलत वॉटर्लूवरून एकटा आला, पिशवीत भाकरवडी घेऊन. श्रीकांतला गिळायला त्रास, त्याला पाणी सुद्धा घट्ट करून देतात, त्यामुळे भाकरवडी मीच खाल्ली. ज्ञानेश्वर पलंगाशेजारी बसला. त्याला काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्याने टॅबलेटमध्ये तोंड घातलं. ऑस्ट्रियात सीफेल्डला शर्यत होती. मी त्याला नियम सांगितले, गुण आणि मिनिटं. केमिस्टच तो, पटकन कळलं.

व्हिलेची उडी झाली. ज्ञानेश्वरने पडद्यावरचे गुण वाचले, पहिल्याचे आणि व्हिलेचे. श्रीकांतचे ओठ हलले.

"आउट," श्रीकांत म्हणाला.

मी ज्ञानेश्वरला म्हणाले, बघा भाऊजी, हेच सांगत होते तुम्हाला, घरी न्या म्हणतोय. पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो पडद्याकडे बघत, आपल्याच नादात, शाळेतल्या मुलासारखा हेल काढून म्हणाला,

"हं. पंधरा औटे साडेबावन्न."

आणि थांबला. साडेबावन्न गुणांनीच व्हिले मागे होता. त्याने हळूहळू मान वळवून श्रीकांतकडे बघितलं. श्रीकांत त्याच्याकडे बघत होता. गेल्या तीन महिन्यांत त्याने माझ्याकडे असं बघितलेलं नव्हतं.

"काय बे श्रीक्या," ज्ञानेश्वर म्हणाला. "पंधरा दिडे?"

"साडेबावीस," श्रीकांत म्हणाला.

"पंधरा अडीचे?"

"साडेसदतीस."

"पंधरा पाउणे?"

इथे जरा वेळ लागला. उजवा गाल ओढला गेलेला, शब्द तोंडात घोळवत घोळवत आला. "सव्वाअकरा."

मला काहीच कळेना. मी विचारलं, औट म्हणजे काय? ज्ञानेश्वरने माझ्याकडे बघितलं, विदर्भातली माणसं मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांकडे बघतात तसं.

"औट म्हणजे साडेतीन, वहिनी. औट घटकेचा राजा म्हणत नाही का आपण? तेच ते औट."

म्हणत होते ना. हॉस्पिटलात दर दोन वर्षांनी नवा मॅनेजर यायचा, त्या प्रत्येकाला मी औट घटकेचा राजा म्हटलेलं आहे. किती घटका ते कधी मोजलं नव्हतं. माझे पाढे टू वन्झा टू. या दोघांच्या शाळेत एक म्हातारे गुरुजी होते. देशात दशमान पद्धत आली, आणे-पै गेले, तरी त्यांनी पोरांना पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे छडी घेऊन पाठ करून घेतले. म्हणायचे, पैसे बदलले, डोकी बदलली नाहीत. एकेचाळीस वर्षं माझ्या नवऱ्याचे ओठ हलत होते ते औटकी म्हणत होते. स्ट्रोकने त्याचं बाकीचं सगळं नेलं होतं आणि तेवढी औटकी मात्र आता आवाजासकट बाहेर यायला लागली होती. व्हिले साधारण साडेतीन मिनिटं मागून निघणार, एवढंच तो मला दोन महिने सांगत होता.

मी रडले. नर्स धावत आली, तिला वाटलं काही वाईट झालं. श्रीकांतच्या डोक्यात श्रीकांत होता, पूर्ण, हिशोबासकट. इतका आनंद मला माझ्या मुलीच्या जन्मानंतर झालेला नव्हता. ज्ञानेश्वरही डोळे पुसत होता आणि मध्येच सवायकी विचारत होता. दुपारी व्हिले साडेतीन मिनिटं मागून निघाला आणि सत्ताविसावा आला. दोघा म्हाताऱ्यांनी डाव्या हातांनी एकमेकांना टाळी दिली.

ज्ञानेश्वरला स्टेशनवर सोडलं आणि घराकडे वळले. पुलावरच्या सिग्नलला थांबले तेव्हा लक्षात आलं. आउट म्हणजे औट असेल, तर तो घरी न्या असं एकदाही म्हणालेला नव्हता. एकदाही नाही. जिलच्या वहीत तारखांसकट मी जे लिहवून घेतलं होतं ती त्याची इच्छा नव्हतीच. माझी होती.

मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली, तेव्हा मी निघाले.

रविवार सगळा त्यात गेला. खरं सांगते, मोह झाला. मीटिंग नऊ दिवसांवर होती आणि वहीत आउट हा शब्द होता. मी गप्प बसले असते तर बहुतेक त्याला घरी पाठवलं असतं, कारण जिल माझ्या बाजूला झुकत चालली होती. औट म्हणजे साडेतीन हे अख्ख्या हॅम्पशायरमध्ये कुणाला कळणार होतं? पण त्याचं डोकं शाबूत आहे हे लपवून त्याला घरी आणायचं, म्हणजे माणूस नाही, सामान आणायचं. ते माझ्याच्याने होईना. सोमवारी सकाळी नऊला मी जिलला फोन केला आणि औटकी समजावून सांगितली. अर्धा तास लागला. ती म्हणाली, डॉक्टर, साडेतीनला तुमच्याकडे वेगळा शब्द आहे? मी म्हणाले, सव्वाला आहे, दीडला आहे, अडीचला आहे, तुमचंच गरीब आहे.

मग तिने हळूच विचारलं की फॉर्मवर श्रीकांतची पहिली भाषा इंग्लिश का लिहिली आहे.

ते मीच लिहिलं होतं. ऑक्टोबरात, पहिल्याच दिवशी. दुभाषी हवा का, या चौकटीत नाही अशी खूण केली होती आणि वर चिडलेही होते. पंचेचाळीस वर्षं या देशातल्या लोकांची हाडं बसवणाऱ्या माणसाला दुभाषी विचारता? त्यामुळे त्याच्या सगळ्या परीक्षा इंग्रजीत झाल्या. मी त्याच्याशी मराठीतच बोलत होते, पण ज्याचं उत्तर हो आहे तेवढंच त्याला विचारत होते.

नवी परीक्षा गुरुवारी ठेवली. दुभाषी म्हणून अक्षया नावाची मुलगी आली, मूळची पुण्याची. तिने मला बजावलं की काकू, तुम्ही मध्ये बोलायचं नाही, नाहीतर हे मोजलं जाणार नाही. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. आश्लेषा माझ्या शेजारी. अर्धा दिवस सुट्टी काढून आली होती.

जिल इंग्रजीत विचारायची, अक्षया मराठीत. काका, बाहेर बर्फ पडतोय का? श्रीकांतने खिडकीकडे बघितलं आणि म्हणाला, नाही. हे तुमचं घर आहे का? नाही. तुमच्या मुलीचं नाव अर्चना आहे का? यावर त्याने आश्लेषाकडे बघितलं आणि त्याचा चांगला गाल हसला. नाही, म्हणाला. प्रत्येक नाहीला मला वाटत होतं उठून नाचावं.

मग जिलने दोन फोटो त्याच्यासमोर ठेवले. एकात आमचं घर, दुसऱ्यात ते नर्सिंग होम. दोन्हीकडे काय होईल ते तिने सावकाश सांगितलं आणि अक्षयाने आणखी सावकाश. मग त्याला कळलं का ते बघायला ती एकेक प्रश्न विचारायला लागली.

"काका, तुम्हाला पलंगावरून खुर्चीत बसवायला किती माणसं लागतात?"

"दोन."

"घरी तुमच्यासोबत किती माणसं असतील?"

"एक."

"केअरर दिवसातून किती वेळा येतील?"

"चार."

"आणि मधल्या वेळात कुणी पडलं, काही लागलं, तर कोण बघणार?"

त्याला नाव आलं नाही. त्याने डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं. मग ते बोट तसंच ठेवून, कुणी न विचारता, म्हणाला, "बहात्तर."

अक्षयाने ते इंग्रजीत सांगितलं. मला बोलायची परवानगी नव्हती, म्हणून मी पर्सचा पट्टा घट्ट धरून बसले. काय होणार ते तेव्हाच कळलं मला. जिलने विचारलं, मग तुम्हाला कुठे राहायचंय? श्रीकांतने हात खाली आणला आणि नर्सिंग होमच्या फोटोवर ठेवला.

तिथे नेमाने करतात तसं जिलने अर्ध्या तासाने तोच प्रश्न परत विचारला, फोटोंच्या जागा बदलून. मधल्या अर्ध्या तासात मी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या घातल्या. फोटोंच्या जागा बदलल्या तरी त्याचा हात चुकला नाही.

जिल म्हणाली की तिच्या मते डॉक्टरसाहेबांना निर्णय घेता येतो आणि त्यांनी तो घेतलेला आहे. आता बोलायला हरकत नव्हती, म्हणून मी त्याच्याजवळ गेले.

"श्रीकांत, मी करीन रे सगळं. मला जमेल."

"नाही," तो म्हणाला. अगदी स्वच्छ. ऑपरेशन थिएटरमध्ये म्हणायचा तसं.

मला इतका राग आला त्याचा. या माणसाला अक्कल आहे हे मी जगाशी भांडून सिद्ध केलं, आणि त्याने ती पहिल्याच दिवशी माझ्याविरुद्ध वापरली. तो खुळा ठरला असता तर आज माझ्या घरी आला असता. आणि मला हेही कळत होतं की तो बरोबर आहे, आणि तीन महिने त्या पलंगावर पडून तो हाच हिशोब करत असणार, मी रोज खुर्चीतून कशी उठते ते बघत. मी त्याच्यासाठी भांडत होते आणि तो माझ्यासाठी. फक्त त्याच्याकडे शब्द नव्हते आणि मी त्याला नको तेवढे शब्द देत होते.

आश्लेषाने मागून येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जिलबरोबर कागद करायला बाहेर गेली. अक्षयाही नमस्कार करून गेली. आम्ही दोघंच राहिलो. त्याचा हात अजून त्या फोटोवर होता. मी तो फोटो काढून घेतला आणि पहिल्यांदा नीट बघितला. बागेकडे उघडणारी खोली. बरी होती. पडदे भयंकर होते.

"पडदे मी बदलणार," मी म्हणाले.

त्याने मान डोलवली. या वेळी ती खरी होती की सवयीची, देव जाणे.

मी डोळे पुसले, नाक पुसलं, कोट घातला. दोघांनाही आता थोडी झोप हवी होती. आश्लेषा गाडीत वाट बघत असणार होती. मी त्याचं पांघरूण सारखं केलं आणि विचारलं, "तिथे रोज किती वाजता येऊ मी?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्याने विचार केला. ओठ हलले.

"दहा."

"बरं. दहाला येते," मी म्हणाले, पर्स उचलली आणि दारापर्यंत गेले.

"साडेनऊ," तो मागून म्हणाला.